सगळ्यांत हळू पगारे मॅडम

आमच्या शहरात डॉक्टरनं कोणती गाडी घ्यायची याचे नियम ठरलेले आहेत. ते कुठं लिहिलेले नाहीत, पण मोडलेलेही कुणी पाहिले नव्हते. प्रॅक्टिस सुरू केली की छोटी पांढरी गाडी. स्वतःचं हॉस्पिटल झालं की मोठी पांढरी गाडी. हॉस्पिटलवर दुसरा मजला चढला की त्याहून उंच पांढरी गाडी, आणि खुलताबादच्या रस्त्याला दोन एकरांत आंब्याची चाळीस झाडं, ज्याला फार्महाऊस म्हणायचं. मी सर्जन आहे, सिडकोत माझं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, आणि मी हे सगळे नियम पाळले आहेत. आंब्याची झाडं तेवढी जगली नाहीत.

डॉ. सुलोचना पगारे यांनी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोन सीटा, परदेशी बनावट, दहा वर्षं वापरलेली, आणि कच्च्या कैरीचा रंग. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं ती घेतली होती आणि शेजाऱ्यांना दाखवून झाल्यावर विकायला काढली होती. रंगामुळं गिऱ्हाईक मिळत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मला रंग चालवायचा नाय, गाडी चालवायचीय."

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. आमच्या धंद्यात भूलतज्ज्ञाची गत मोठी गमतीची असते. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनला येतात. ज्या बाईनं त्याचा श्वास दोन तास स्वतःच्या हातानं चालू ठेवला, तिचं नाव त्याला ठाऊक नसतं, आणि तोंड पाहिलेलं असलं तरी नंतर आठवत नाही. मॅडमचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. सकाळी सिडको, मग गारखेडा, दुपारी चिकलठाणा, संध्याकाळी वाळूज, अशा त्या आपली काळी बॅग घेऊन फिरायच्या. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, तेल लावून घट्ट बांधलेले केस, कॉटनची सलवार-कमीज. आणि आता हे सगळं कैरीच्या रंगाच्या गाडीतून उतरायचं. उतरायचं म्हणजे वर यायचं, कारण ती गाडी इतकी खाली होती की मॅडम विहिरीतून निघाल्यासारख्या वाटायच्या. माझ्या हॉस्पिटलचा वॉचमन पहिले पंधरा दिवस त्यांना सलाम करायचा सोडून गाडीलाच करत होता.

त्यांची एक सवय आम्हा सर्जन लोकांना अजिबात आवडत नसे. प्रत्येक ऑपरेशनच्या आधी त्या भुलीचं मशीन तपासायच्या, आणि मोठ्यानं बोलून तपासायच्या. ऑक्सिजन. सक्शन. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा. दुसरा दिवा. ट्यूब. त्याहून लहान ट्यूब. मी हात धुऊन, पंजे वर धरून, कुणीतरी लुटत असल्यासारखा उभा. "मॅडम, सकाळी तुम्हीच तपासलंय," असं म्हटलं तर त्या म्हणायच्या, "सकाळी व्हतं. आता दुपार हाय." थिएटरमधली सिस्टर "ठीक वाटतंय मॅडम" म्हणाली की तिला हमखास ऐकावं लागायचं, "दिसतंय ते सांगा सिस्टर, वाटतंय ते नको."

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं होतं. त्यांचे वडील लासूर स्टेशनजवळ रेल्वेत गेटमन. गाडी यायची वेळ झाली की गेट बंद. जीपमधून आलेले तालुक्यातले मोठे लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे, जातीवर यायचे. "गाडी अजून दिसत पण नाय, उघड की," म्हणायचे. वडील गेट उघडत नसत आणि उत्तरही देत नसत. "आम्ही भावंडं खोलीच्या दारातून बघायचो," मॅडम म्हणाल्या. "वडलांचा आम्हाला लई राग यायचा. वाटायचं, उघडा की एकदा, जाऊ द्या त्यांना." मग कप खाली ठेवून त्या पुढच्या केसला उठल्या.

गाडी घेतल्यावर शहरात चर्चा झाली. कुणी म्हणालं उतारवयात होतं असं. कुणी म्हणालं पगारे साहेब बिचारे. पगारे साहेब म्हणजे त्यांचे मिस्टर, बँकेत अधिकारी, अत्यंत सभ्य माणूस. त्यांना गाडी लागायची. पहिल्या दिवशी हौसेनं शेजारी बसले आणि क्रांती चौकात उतरून रिक्षानं घरी गेले. त्यानंतर नवराबायकोचा त्या गाडीविषयी एवढाच संबंध राहिला की मॅडम बाहेर निघाल्या की साहेब विचारायचे, पोचल्यावर फोन करणार ना. मी मात्र चर्चेत भाग घेतला नाही. मी फक्त दोन-तीन नवे विनोद तयार केले आणि ते लोकांनी पुढं नेले.

एवढी वेगवान गाडी घेऊन या बाई शहरात चाळीसनं जात. टपरीवरची पोरं ओरडायची, "मॅडम, दबाओ ना." मॅडम दाबत नसत. मी विचारलं, मग घेतली कशाला. तेव्हा कळलं की या गाडीला धावायला ट्रॅक लागतो, आणि ट्रॅक आमच्याकडं नाही, कोइमतूरला आहे. तिथं ठरावीक दिवशी पैसे भरून कुणीही आपली गाडी चालवू शकतं. शर्यत नसते, बक्षीस नसतं, आपण आपलं गोल गोल फिरायचं आणि दमून घरी यायचं. मी म्हटलं, "मॅडम, हे सगळं तर आमच्या ओपीडीत होतंच." त्या हसल्या नाहीत.

त्या गाडीला हात लावायला शहरात कुणी तयार नव्हतं. कंपनीचं वर्कशॉप पुण्यात. तिथले लोक बॉनेट उघडायचे, संगणक लावायचे आणि अख्खा सुटा भाग बदलायला सांगायचे. शेवटी मॅडमना हमीदभाई सापडले. चिकलठाण्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. आयुष्य जीप, टेम्पो आणि पाण्याचे डिझेल पंप दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, इसके नीचे जाने को मेरेकू पहले दुबला होना पडता."

पण जमलं. दर दुसऱ्या रविवारी मॅडम सकाळी शेडमध्ये हजर. एकदा पुढच्या चाकातून घूं घूं आवाज येत होता. उजव्या की डाव्या, हे हमीदभाईंना कळेना. मॅडमनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला आणि चाक फिरवायला सांगून बेअरिंगच्या जवळ लावला. इकडं ऐकलं, तिकडं ऐकलं. "डावं," म्हणाल्या. हमीदभाईंना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. चाक उघडल्यावर डावं बेअरिंगच खराब निघालं. पुढच्या खेपेला हमीदभाई मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, वो कान का पुराना वाला होंगा तो मेरेकू बी एक होना." मॅडमनी नवा घेऊन दिला. तो अजून त्यांच्या पान्यांच्या शेजारी खिळ्याला लटकलेला आहे, आणि टेम्पोवाले त्याच्याकडं फार आदरानं बघतात.

ब्रेकचं तेल बदलताना नळीत हवा राहिली की ब्रेक नरम पडतो. हमीदभाई हवा अंदाजानं काढायचे. मॅडम माझ्याच थिएटरमधून सलाईनचा सेट आणि रिकामी बाटली घेऊन गेल्या. पारदर्शक नळी ब्रेकच्या तोंडाला लावायची, दुसरं टोक बाटलीत. हमीदभाईंनी आत बसून पाय दाबायचा आणि मॅडमनी खाली गुडघ्यांवर बसून बुडबुडे बघायचे. शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. "बस मॅडम, अब साफ है," हमीदभाई आतून म्हणायचे. "तुम्हाला तिथून दिसतंय?" मॅडम खालून. "दिसता तो नै." "मग दाबा." हा संवाद मी स्वतः ऐकलेला आहे, कारण माझ्या सलाईनच्या सेटचं काय होतंय ते बघायला मी एकदा गेलो होतो.

पहिल्यांदा ट्रॅकवर जाऊन आल्या तेव्हा आम्ही सगळे वाट बघत होतो. बातमी ऐकायला सर्जन, फिजिशियन, अगदी डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा चहाला जमले. मॅडमनी शांतपणे सांगितलं, "सगळ्यांत हळू मीच."

किती हळू, असं कुणीतरी विचारलं.

"तिथं झेंडे असतात," त्या म्हणाल्या. "मागून जोरात गाडी येत असली आणि तुम्ही तिच्या वाटेत असाल तर तुम्हाला निळा झेंडा दाखवतात. बाजूला व्हा म्हणून. मला दिवसभर निळाच झेंडा दाखवत व्हते. रात्री वडलांना फोन करून सांगितलं, बाबा, इथं मला जागोजागी निळा झेंडा हलवत व्हते. ते लई खूश झाले. म्हणाले, एवढ्या लांब दक्षिणेत पण आपली माणसं हायेत बघ. मी अर्थ सांगितला नाय."

आम्ही खूप हसलो. त्याही हसल्या. मग त्यांनी वही काढली आणि पहिल्या फेरीपेक्षा शेवटची फेरी चार सेकंदांनी कमी वेळात झाली, हे अशा चेहऱ्यानं दाखवलं की विषय बदलावा लागला. एवढं करून त्या शेवटूनच पहिल्या होत्या. पण त्या चार सेकंदांत त्यांना जे मिळालं होतं, ते माझ्या दुसऱ्या मजल्यानं मला दिलेलं नव्हतं.

पुढं एका वर्षी कोइमतूरलाच सर्जन लोकांचं अधिवेशन होतं. मॅडमचा ट्रॅकचा दिवस त्याच आठवड्यात. "चला माझ्यासोबत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गाडी कळल." मला विनोदांसाठी नवा माल हवा होता, म्हणून मी हो म्हटलं.

बाराशे किलोमीटर. दोन सीटांच्या गाडीत सामानाला जागा नसते, आणि जी होती ती जॅक, हेल्मेट, ब्रेकचं तेल आणि हवा मोजायच्या मीटरनं घेतलेली. माझी बॅग माझ्या मांडीवर. चाकाचा नट नेमका किती आवळला गेला ते टक् असा आवाज करून सांगणारा एक लांब पाना असतो, तो माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. बीडच्या रस्त्याला उसाच्या ट्रकनं आम्हाला मागं टाकलं. सोलापूरच्या पुढं एसटीनं टाकलं. एसटीच्या खिडक्यांतून लोक आमचे फोटो काढत होते आणि मी चेहऱ्यावर रुमाल धरून बसलो होतो. दर दोन तासांनी मॅडम थांबायच्या, चारही चाकांना हात लावून गरम किती झालीत बघायच्या आणि वहीत लिहायच्या. मी म्हटलं, "ताप आहे का?" त्या म्हणाल्या, "डाव्या मागच्याला थोडा हाय." चित्रदुर्गाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचलो, तेव्हा माझी कंबर मला ओळखत नव्हती.

ट्रॅकवर सकाळी सात वाजता तीसेक गाड्या. बंगळुरूची तरुण मंडळी, अंगात शर्यतीचे सूट, हातमोजे, गाडीला जुळणाऱ्या रंगाचे बूट. एकाच्या मोबाईलच्या कव्हरचा रंगही गाडीचा होता. त्यांच्यात आमच्या मॅडम, पूर्ण बाह्यांची सुती कमीज आणि हेल्मेटखाली तेल लावलेले केस. पण त्यांना सगळे ओळखत होते. "गुड मॉर्निंग, डॉक्टर मॅम," असं म्हणत पोरं येऊन जात होती आणि एकदोघं हळूच आपलं मायग्रेन सांगत होती. तपासनीस आला, गाडी बघितली, पास झाल्याचा स्टिकर काचेवर चिकटवला. पहिल्या तुकडीला दहा मिनिटं होती.

मॅडमनी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं आणि पुढच्या चाकामागं टॉर्च मारला. मग बराच वेळ उठल्याच नाहीत.

"डॉक्टर, इकडं या," त्या म्हणाल्या. मी वाकलो. ब्रेकच्या रबरी नळीवर, ती जिथं वळते तिथं, नखाएवढी बारीक भेग.

"गळतंय का?" मी विचारलं.

"नाय."

"मग?"

"मग नाय."

तपासनीस परत आला. त्यानं भेग बघितली आणि अतिशय सौजन्यानं इंग्रजीत सांगितलं की ही वरवरची आहे, एवढ्या जुन्या रबरावर असतेच, दिवसभर चालेल. शेजारच्या सूटवाल्यानंही सांगितलं. मीही सांगितलं. रबराविषयी माझं ज्ञान हातमोज्यांपुरतं आहे, पण बाराशे किलोमीटर पाना धरून बसलेल्या माणसाला बोलायचा अधिकार असतो असं मला वाटलं. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग हेल्मेट काढलं, स्टिकर नखानं सोलला आणि तपासनीसाच्या हातात परत दिला.

त्या दिवशी त्यांनी ट्रॅकवर एकही फेरी मारली नाही. वर्षभर वाट बघितलेली, आणि भिंतीवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघत दहीभात खाल्ला. कोइमतूर शहरात नळी शोधायला माणूस पाठवला होता, तो चार वाजता घेऊन आला. ती बसवून, सलाईनची नळी लावून, मला आत बसवून ब्रेक दाबायला लावून, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत साडेपाच झाले. ट्रॅक पाचला बंद झाला होता. मी माझ्या अधिवेशनाचा दिवस बुडवून एका बंद गाडीत ब्रेक दाबत बसलो होतो.

परतताना मी म्हटलं, "मॅडम, चोवीसशे किलोमीटर येऊन-जाऊन भिंतीवर बसलात. भिंती आपल्याकडंपण आहेत."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग हंपीचा फाटा मागं पडल्यावर म्हणाल्या, "रडू आलं व्हतं मला. तुम्ही दही आणायला गेल्ता तेव्हा."

या गोष्टीवर मी घरी परतल्यावर सहा महिने लोकांना हसवलं. रडण्याचा भाग गाळून.

मग ती केस आली. गंगापूरकडचा एक मोठा बागायतदार, हर्निया. बरोबर चार जीपा भरून नातेवाईक, त्यातले दोघे सदरा-पायजम्यातले, ज्यांच्याशी गोड बोलावं लागतं असे. पेशंट टेबलावर. मॅडमनी नेहमीप्रमाणं मशीन तपासायला घेतलं, नळीचं तोंड बंद केलं, पिशवी फुगवली, आणि दाबाच्या काट्याकडं बघत उभ्या राहिल्या. काटा हळूहळू खाली येत होता.

"लीक हाय," त्या म्हणाल्या. "नळी बदलून बघितली, तरी हाय. आतून हाय. मशीन दुरुस्त होईपर्यंत केस नाय करायची."

मी त्यांना बाजूला घेतलं. "मॅडम, हर्निया आहे. कमरेत इंजेक्शन द्या, खालचा भाग बधिर करा. मशीनचा संबंध कुठं येतो?"

"इंजेक्शन वर चढलं आणि श्वास थांबला, तर कशानं देऊ श्वास? तुमच्या ओळखीनं?"

"किती वेळा चढतं असं?"

"लई कमी वेळा."

"मग?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चष्म्याच्या जाड काचांमागं त्यांचे डोळे लहान दिसायचे. "बाहेर चार जीपा हायेत म्हणून इचारताय व्हय?" एवढंच म्हणाल्या. बॅग उचलली, टेबलावरच्या बागायतदाराला "काका, आज नाय, जेवून घ्या," असं सांगितलं आणि गेल्या.

मी दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. तो तासाभरात आला, पाच मिनिटांत इंजेक्शन दिलं, ऑपरेशन छान झालं. बागायतदार तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला. मला पेढे आले. मी सगळ्यांना सांगितलं की बघा, काही झालं नाही. पगारे मॅडमना गाडी तपासायची सवय लागलीय, त्यांना सगळीकडं भेगाच दिसतात. हे वाक्य माझ्या सगळ्या विनोदांत जास्त चाललं. मी त्यांना बोलावणं बंद केलं. मग गारखेड्याच्या हॉस्पिटलनं केलं, मग वाळूजच्या. केस रद्द करणारी भूलतज्ज्ञ कुणालाच परवडत नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी, दुपारी थिएटर रिकामं असताना, मी मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन उघडलं, आतला एक व्हॉल्व्ह काढला, तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला. तडकलेला होता. "सर, इसी पे चला रहे थे?" तो म्हणाला. मी त्याला व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं आणि चहा मागवला.

दोन वर्षं गेली. मॅडमचं काम निम्म्यावर आलं होतं, असं कानावर यायचं. त्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस जायला लागल्या होत्या. गाडी कधीतरी रस्त्यात दिसायची, चाळीसनं जाणारी. मी वाट बदलायचो.

मग माझ्या बायकोच्या, मंगलच्या, पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन, पूर्ण भूल द्यावी लागणार. माझा मित्र करणार होता, माझ्याच थिएटरमध्ये. भूल कोण देणार, याची मी तीन नावं सांगितली. मंगलनं ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "पगारे मॅडमला बोलवा."

"त्या येणार नाहीत."

"तुम्ही विचारलं?"

"नाही."

"मग कसं कळलं?" असं म्हणून तिनं स्वतःच फोन लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू आला. किती वाजता, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

त्या दिवशी मॅडम वीस मिनिटं आधी आल्या. माझ्याशी नमस्कार झाला, पुढं काही नाही. बॅग ठेवली आणि मशीनकडं गेल्या. ऑक्सिजन. सक्शन. दिवा. दुसरा दिवा. नळीचं तोंड बंद केलं, पिशवी फुगवली, काट्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी पण बघत होतो. काटा हलला नाही.

"लीक नाय," त्या म्हणाल्या. "व्हॉल्व्ह बदलला व्हय?"

"हो."

"कधी?"

खोटं बोलायला जागा होती. थिएटरमध्ये आम्ही दोघं आणि सिस्टर. "दोन वर्षांपूर्वी," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता येईल, दोन वर्षांचं एकदम. त्या म्हणाल्या, "बरं केलं," आणि ट्यूब मोजायला घेतल्या. मंगलला आत आणलं तेव्हा ती घाबरलेली होती. मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "ताई, तुम्ही निवांत झोपा. डॉक्टरांवर मी लक्ष ठेवते."

सगळं नीट झालं. मी बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ बसलो होतो.

त्यानंतर मी त्यांना पुन्हा बोलावायला लागलो. माफी मागितली का, तर नाही. सर्जन माफी मागत नाहीत, केस पाठवतात. मी खूप केसेस पाठवल्या. इतरांनाही सांगितलं, पण जो विनोद मी सोडला होता तो परत बोलावता आला नाही. गारखेड्यात तो अजून सांगतात, आणि मलाच सांगतात.

अशी दीड-दोन वर्षं गेली असतील. एका सकाळी एका लहान मुलीचं अपेंडिक्स होतं. मॅडमनी पहिल्या प्रयत्नात शिरेत सुई लावली, झोपवली, उठवली. मुलगी डोळे उघडून आईकडं गेली. मी हात पुसत असताना मॅडम शेजारी येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, सोमवारपासून दुसरं कुणी बघा."

मला वाटलं, पुन्हा माझंच काही चुकलं.

"उजवा अंगठा थरथरतोय," त्या म्हणाल्या. "आज सुई लावताना दोनदा."

"मला तर काही दिसलं नाही."

"तुम्हाला कधी दिसतंय?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून चांगल्या हसल्या. मग हात पुढं करून दाखवला. मी बराच वेळ बघत राहिलो तेव्हा कुठं तो अंगठा किंचित हलला. शहरातल्या कुठल्याही भूलतज्ज्ञानं यावर अजून तीन वर्षं काढली असती. आम्ही काढूही दिली असती. पुढं तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं, औषधं सुरू झाली. काम त्यांनी त्याच सोमवारी थांबवलं. गाडीही त्याच आठवड्यात विकायला काढली.

गाडी विकतानाची हकीकत मला हमीदभाईंनी सांगितली. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं विचारलं ॲव्हरेज किती देते. मॅडमनी त्याला चहा पाजून परत पाठवला. दुसऱ्यानं रंग बदलून मिळेल का विचारलं, त्याला चहाही मिळाला नाही. तिसरी नाशिकची एक शाळेत शिकवणारी बाई होती. ती आली तीच सरळ गाडीच्या खाली वाकून बघायला लागली आणि उठेचना. हमीदभाई म्हणाले, "मॅडम मेरेकू हळूच बोले, हमीदभाई, चाबी लाओ." गाडी गेली तेव्हा मॅडम शेडमध्ये स्टुलावर बसून होत्या. हमीदभाईंनी विचारलं, बुरा लग रहा क्या. त्या म्हणाल्या, "लगना ही चाहिये ना."

गेल्या महिन्यात मी सिडकोच्या सिग्नलला उभा होतो, माझ्या सगळ्यांत उंच पांढऱ्या गाडीत. उजव्या बाजूला एक छोटी निळसर गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर पगारे साहेब, दोन्ही हात घट्ट, छाती जवळजवळ हॉर्नला टेकलेली. शेजारी, माझ्या बाजूच्या खिडकीत, मॅडम. मी काच खाली केली. त्यांनीही केली.

"कशा आहात?"

"बसलेय," त्या म्हणाल्या. उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हातानं तो धरून ठेवला होता. "साहेबांनी पंचविसाव्या वर्षी लायसन्स काढलं व्हतं. आता साठाव्या वर्षी वापरायला घेतलंय."

"नमस्कार डॉक्टर," पगारे साहेब समोर बघतच म्हणाले. "मी बोलत नाही, सिग्नल आहे."

"बघा," मॅडम म्हणाल्या. "चालवताना गाडी लागत नाय म्हणे त्यांना. शेजारी बसलं की लागते. आता मला लागते."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले. साहेबांनी डावा आरसा बघितला, उजवा बघितला, मधला बघितला, आणि गाडी हळूहळू पुढं काढली. मी त्यांच्या बरोबरीनं निघालो. तेवढ्यात पुढून एक रिक्षा आडवी आली. माझ्या उंचीवरून मला त्यांच्या गाडीत आतपर्यंत सगळं दिसत होतं. मॅडमचा उजवा पाय पायाखालच्या रबरी मॅटवर सावकाश, जोर वाढवत वाढवत, पूर्ण दाबला गेला. गाडी थांबली ती त्यानंतर.